लाल रेघेतला थांबा

मिझुकी म्हणजे पाण्याचं झाड.
थंडीत तोडायचं, साल काढायची,
टोकाशी मात्र बोटभर राहू द्यायची.
एकदम उघडं पडलं तर तडकतं.
मग वर्षभर त्याला हात लावायचा नाही.

शिगेमात्सुंच्या चरकावर माझा हा चौथा हिवाळा.
मी डोकी कातते, धडं कातते,
तोकुसाच्या वाळक्या काड्यांनी घासून
गालासारखं गुळगुळीत करते.
चरक फिरत असतानाच कुंचला टेकवून
लाल पट्ट्या ओढते.
डोळे अजून माझ्याकडे दिलेले नाहीत.

या बाहुलीला हात नाहीत, पाय नाहीत.
पेरण्या आटोपून गरम झऱ्यावर अंग शेकायला येणाऱ्या बाया
परत जाताना एखादी घेऊन जायच्या,
तान्ह्याच्या मुठीत मावेल एवढी.
हातपाय ज्याचे त्याने घालायचे.

फेब्रुवारीत, दुपारच्या बसने,
किनुयो नावाच्या एक आजी आल्या.
बुटांवरचं बर्फ दारात आपटून पाडलं,
फडक्याची गाठ दातांनी सोडली.
आत बाहुली. चेहरा नाही.
मानेवर दातांच्या खुणा,
पोटावर कसलीशी पिवळी फुलं, अर्धी.

"आधी मी चोखली," त्या म्हणाल्या,
"मग धाकट्या भावाने, मग माझ्या दोघी पोरींनी.
एप्रिलात नात बाळंत होईल.
तेवढा चेहरा काढून द्या.
डोळे नसलेलं पोराच्या हातात कसं द्यायचं?"

शिगेमात्सुंनी बाहुली उलटी केली.
बुडाशी त्यांच्या वडिलांची सही,
तीन अक्षरांतली दीड उरलेली.
मग अंगठ्याने डोकं फिरवलं.
कुईं.
इतक्या वर्षांनी, तितक्याच तक्रारीत.
किनुयो आजी खुदकन हसल्या
आणि लगेच पदर शोधावा तशी बाही तोंडाशी नेली.

मग ते खिडकीपाशी गेले.
खालून दुसऱ्या लाल पट्टीवर नख ठेवून
बराच वेळ उभे राहिले.
मी मागून पाहिलं:
रेघ सगळीकडे सारखी,
एका जागी मात्र फुगलेली, तांदळाच्या दाण्याएवढी,
जणू चालता चालता कुणीतरी दारात थबकलं.

"तेव्हा मोटर नव्हती," ते म्हणाले.
"बाबा कुंचला धरायचे,
समोर बसून आई दोरी ओढायची,
एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे,
दिवसभर, पाठीवर मला बांधून.
दोरी थांबली की रंग थांबेल तिथे साचायचा.
इथे मी रडलो असणार."

खरं की खोटं, कोण जाणे.
त्या घरात रडायला चार भावंडं होती,
आणि थांबायला आईला दुसरी कारणंही असतील.
सही मात्र बाबांची.

चेहरा त्यांनी काढला नाही.
म्हणाले, "तो तुमच्या पोटात गेलाय, मी कुठून आणू?"
मेण लावलं, सुती चिंधीने पुसलं,
पैसे घेतले नाहीत.
आजी जरा रुसल्याच.
धुरावर वाळवलेल्या मुळ्याचं लोणचं ठेवून गेल्या,
बस चुकेल म्हणून घाईत,
निरोपाचं वाकणंही अर्धंच.

रात्री मी अकरा बाहुल्यांवर पट्ट्या ओढल्या.
मोटर एका सुरात घूं घूं करते,
तिच्या पाठीवर कुणी नसतं.
अकराही पट्ट्या बिनचूक.
शिगेमात्सु आले, एकेक उचलली,
दिव्याखाली फिरवली, परत ठेवली.
"चांगल्या आहेत," म्हणाले,
आणि लोणच्याचा एक काप माझ्यापुढे सरकवला.

कुडुम कुडुम चावत बसलो दोघं.
बाहेर छपरावरून बर्फ घसरलं.
मग त्यांनी माळ्याकडे बोट केलं:
"ती दोरी उतरव उद्या.
उंदरांनी किती ठेवलीय बघू.
ओढेन मी."